काळी लोकर, पांढरी लोकर आणि मुक्त मूलकांचा पुरावा

तालुक्याच्या महाविद्यालयांतून होणाऱ्या औषधशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रकल्पांत मुक्त मूलकांचा विषय हमखास असतो. एखाद्या वनस्पतीचा अर्क काढायचा, तो डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा, रंग पिवळा पडला की ५१७ नॅनोमीटरवरचे वाचन नोंदवायचे आणि अर्काला अँटिऑक्सिडंट ठरवायचे, हा ठरलेला मार्ग आहे. डीपीपीएच हे स्वतःच एक टिकाऊ मुक्त मूलक आहे, म्हणून ही चाचणी चालते. पण बाटलीतले एक मूलक मेथेनॉलमध्ये विझले, एवढेच तिच्यातून कळते. कातडीत, केसांत किंवा जिवंत पेशीत काय घडते, याबद्दल ती काहीच सांगत नाही. जामखेड परिसरातल्या ज्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना इथून पुढे जाऊन मुक्त मूलके प्रत्यक्ष पाहायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवात मेलॅनिनपासून करावी, जिवंत पेशींकडे मागाहून वळावे, आणि दोन्हीकडे यंत्राने काढलेल्या रेषेपेक्षा शेजारी ठेवलेल्या तुलनेच्या नमुन्यावर जास्त मेहनत घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे पुढे सविस्तर मांडतो.

रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो, ते मुक्त मूलक. असा एकटा इलेक्ट्रॉन सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की त्याच्या ऊर्जेचे दोन स्तर होतात, आणि नेमक्या वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी दिल्या की तो खालच्या स्तरातून वरच्यात जातो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यंत्रात सूक्ष्मलहरींची वारंवारता ९.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि क्षेत्र सुमारे ३४०० गाउस असते. या पद्धतीला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, थोडक्यात ईएसआर म्हणतात. ती १९४४ मध्ये कझान इथे येवगेनी झावोइस्की यांनी शोधली. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे बॅरी कॉमनर, जोनाथन टाउनसेंड आणि जॉर्ज पेक यांनी ती सजीवांच्या ऊतींवर वापरली आणि मुक्त मूलकांचे संकेत मिळाल्याचे जाहीर केले. ऊती ओल्या असतील तर पाणी सूक्ष्मलहरी शोषून घेते, म्हणून त्यांनी त्या गोठवून सुकवल्या होत्या. पुढच्या काळात या सुकवण्यावरच बोट ठेवले गेले. अशा वाळलेल्या ऊतीला हवा लागली की तिच्यातल्या अॅस्कॉर्बिक आम्लासारख्या पदार्थांपासून नवीच मूलके तयार होतात आणि संकेताचा मोठा भाग त्यांचा असू शकतो, हे लक्षात आले. १९५४ च्या त्याच शोधनिबंधात मेलॅनिनचाही संकेत नोंदला होता. तो मात्र ओल्यात, सुक्यात, गोठवून, न गोठवता, सगळीकडे मिळत राहिला. पहिल्या टप्प्यावर मेलॅनिन निवडावे असे मी म्हणतो त्याचे कारण या इतिहासातच आहे. ज्याच्या अस्तित्वाबद्दल शंका नाही अशा मूलकावर हात बसला, की शंकास्पद मूलकांकडे जाण्याची तयारी होते.

मेलॅनिनचे मूलक इतके टिकते कसे? काळ्या-तपकिरी युमेलॅनिनच्या रेणूत क्विनोन आणि हायड्रोक्विनोन अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी असतात. त्यांच्यात इलेक्ट्रॉनची देवघेव होऊन मधले सेमिक्विनोन हे मूलक बनते आणि पुन्हा मोडते, आणि या समतोलामुळे काही मूलके कायम शिल्लक राहतात. दाट, गुंतलेल्या रचनेत अडकून पडल्याने ती एकमेकांना भेटून विझतही नाहीत. वर्णपटात यांची एकच रेषा दिसते, तिचे जी-मूल्य २.००४ च्या जवळ आणि रुंदी साधारण ४ ते ६ गाउस. मार्सडेन ब्लॉइस आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये माकूळ या समुद्री जिवाच्या शाईतल्या मेलॅनिनवर हे बारकाईने तपासले. तांबूस-पिवळसर फिओमेलॅनिनची रेषा वेगळी असते. त्याच्या मूलकाजवळ नायट्रोजन असल्याने ती रुंद होते आणि तिला जास्तीचे खांदे फुटतात. या फरकावरून केस न विरघळवता दोन्ही मेलॅनिन ओळखता येतात, हे रॉजर सीली, जेम्स हाइड, हॅरल्ड स्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले.

आता नमुना कुठून आणायचा? जामखेड तालुका या बाबतीत भाग्यवान आहे. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चोंडी याच तालुक्यात आहे आणि मेंढपाळी इथे आजही जिवंत व्यवसाय आहे. दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी असते, तिचीच घोंगडी विणली जाते. कळपात पांढऱ्या आणि चितकबऱ्या मेंढ्याही असतात, आणि अभ्यासासाठी खरे मोल या चितकबऱ्या मेंढीचे आहे. तिच्या अंगावरची काळी आणि पांढरी लोकर एकाच उन्हात वाळलेली, एकाच धुळीत मळलेली आणि एकाच कातरीने कातरलेली असते. फरक जवळजवळ मेलॅनिनपुरताच उरतो. काळ्या लोकरीच्या वर्णपटातून पांढरीचा वर्णपट वजा केला, तर उरेल ते मेलॅनिनचे असे म्हणण्याला आधार मिळतो. हा जोड महागड्या रसायनांच्या दुकानात विकत मिळत नाही. कडकनाथ कोंबडीच्या काळ्या कातडीतही मेलॅनिन भरपूर असते आणि ती आता महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाळतात, पण तिच्यासाठी तितकाच नेमका पांढरा जोडीदार मिळणे अवघड. माणसाचे केस घ्यायचे असतील तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी, संमतीपत्र भरून घ्यावे, आणि मेंदी किंवा कलप लावलेले केस बाजूला काढावेत. पहिल्या प्रकल्पासाठी मला लोकरच श्रेयस्कर वाटते.

लोकर घेतानाची काळजी बारीक आहे, पण सगळा प्रकल्प तिच्यावर तरतो किंवा बुडतो. आपल्या भागातली माती बेसाल्टची आहे. तिच्यात लोह आहे, मँगनीज आहे, आणि दोन्ही ईएसआरमध्ये दिसतात. मँगनीजच्या सहा रेषा ओळखीच्या असतात, त्या दिसल्या तर नमुना नीट धुतलेला नाही असे समजावे. लोहाच्या ऑक्साइडांमुळे मात्र सगळी पायारेषाच तिरपी आणि रुंद होते, आणि नवख्याला ते मेलॅनिनचेच काहीतरी वाटते. म्हणून लोकर सौम्य साबणाने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुवावी, शेवटचे धुवण नितळ आहे का ते पाहावे आणि सावलीत वाळवावी. मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावर मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवण्याची पद्धत आहे. मोरचुदातले तांबे मेलॅनिनला घट्ट चिकटते आणि त्याचा संकेत दाबून टाकते. तेव्हा पायांजवळची लोकर घेऊ नये आणि कोणते औषध कधी लावले हे मेंढपाळाला विचारून वहीत लिहावे. आणखी एक गोष्ट सहज निसटते. लोकर, केस आणि नखे केराटिनची असतात, आणि केराटिन कापले किंवा दळले की त्या घर्षणानेच त्यात मूलके तयार होतात. किरणोत्सर्गाची मात्रा नखांवरून मोजण्याच्या अभ्यासांत हे स्पष्ट झाले आहे. कापल्यामुळे उमटलेला संकेत नख पाण्यात भिजवल्यावर बहुतांश नाहीसा होतो. म्हणून लोकर खलबत्त्यात कुटू नये, धातूच्या दळणयंत्रात तर मुळीच नाही. लहान तुकडे करावेत, भिजवावेत, पुन्हा वाळवावेत, आणि काळ्या-पांढऱ्या दोन्ही नमुन्यांना अगदी सारखीच वागणूक द्यावी. ऊनसुद्धा हिशेबात धरायला हवे. प्रकाशात मेलॅनिनची मूलके वाढतात आणि अंधारात त्यातली बरीचशी विझतात, म्हणून तयार नमुने काळ्या कागदात गुंडाळून ठेवावेत आणि सर्वांना सारखाच काळ अंधार मिळू द्यावा.

ईएसआरचे यंत्र तालुक्याला नसते, जिल्ह्यालाही सहसा नसते. पण पवईच्या आयआयटीतले सैफ हे केंद्र बाहेरच्या संस्थांचे नमुने घेते आणि देशभरातली अशी यंत्रे शोधायला, वेळ आरक्षित करायला केंद्र सरकारचे आय-स्टेम हे पोर्टल आहे. मेलॅनिन टिकाऊ असल्याने नमुना जामखेडहून पवईला पोहोचेपर्यंत मूलके जागेवरच असतात. जिवंत पेशींच्या बाबतीत ही सोय नाही, हे ध्यानात ठेवावे. नमुना देताना फक्त 'ईएसआर करून द्या' एवढे लिहू नये. तिथला तंत्रज्ञ तुमच्यासाठी रेषा काढून देईल, पण कोणत्या शक्तीवर काढायची हे तुम्ही सांगितले नाही तर तो नेहमीच्या मांडणीवर काढील. मेलॅनिनची मूलके थोड्याशा सूक्ष्मलहरींनीच संपृक्त होतात. शक्ती वाढवत नेली तर संकेत वाढायचा थांबतो, मग उतरू लागतो. दोन नमुन्यांची संपृक्तता वेगळी असेल तर जास्त शक्तीवर केलेली त्यांची तुलना निरर्थक ठरते. म्हणून एका नमुन्यावर ०.१ मिलीवॉटपासून वर चढत जाणारी मालिका काढून घ्यावी, शक्तीच्या वर्गमुळासमोर संकेताची उंची मांडावी आणि आलेख सरळ आहे त्या भागातली शक्ती सर्व नमुन्यांसाठी ठरवावी. मॉड्युलेशन १ गाउसच्या आसपास ठेवावे, फार वाढवले तर रेषा खोटी रुंदावते. नळी क्वार्ट्झचीच असावी, कारण साध्या काचेतल्या लोहाचा स्वतःचा संकेत येतो. वजन सारखे, नळीतली उंची सारखी आणि रिकाम्या नळीचा वर्णपट आधी. उंचीवरून मूलकांची संख्या ठरवणे रेषांची रुंदी सारखी असेल तरच चालते. एरवी दोनदा संकलन करून क्षेत्रफळ काढावे आणि ते डीपीपीएचसारख्या ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहावे.

इतके झाल्यावर हातात एक स्वच्छ रेषा येते आणि बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात. खरे तर तिथून काम सुरू होते. २.००४ च्या जवळ रेषा देणारी सेंद्रिय मूलके अनेक आहेत. कोळशात ती असतात, काजळीत असतात, चुलीच्या धुरात फिरलेल्या लोकरीवरही बसू शकतात. ही रेषा मेलॅनिनचीच आहे हे तिच्या वागण्यावरून ठरते. सेमिक्विनोनचा समतोल आम्लधर्मीपणावर अवलंबून असतो. माध्यम अल्कधर्मी केले की मूलके वाढतात. जस्ताचे आयन घातले की ते सेमिक्विनोनला धरून ठेवतात आणि संकेत वाढतो. तांब्याचे घातले की तांब्याच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे संकेत खचतो. प्रकाश टाकला की वाढतो, काढला की उतरतो. चारही कसोट्यांना एखादी रेषा अशीच उतरली, तर ती मेलॅनिनची आहे असे म्हणायला पाठबळ मिळते. अखंड लोकरीत आयन आत शिरायला वेळ लागतो, म्हणून या कसोट्या आधी प्रयोगशाळेत बनवलेल्या मेलॅनिनवर करून पाहाव्यात. एल-डोपा सौम्य अल्कधर्मी पाण्यात विरघळवून त्यातून हवा सोडत राहिले की काळे डोपा-मेलॅनिन तयार होते. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते आणि आपल्या परिसरातली वनस्पती वापरण्याचा मोह होईल, पण बियांच्या अर्कात इतर फिनॉलेही येतात. पहिल्या वेळी शुद्ध एल-डोपा विकत आणणे बरे, खाजकुयली दुसऱ्या फेरीला. मेलॅनिन इलेक्ट्रॉन देऊ शकते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा पुणे विद्यापीठातून आलेला आहे. स्मिता झिंजर्डे यांच्या गटाने २०१३ मध्ये यारोविया लिपोलिटिका या यीस्टच्या मेलॅनिनकडून चांदी आणि सोन्याच्या आयनांचे धातूच्या नॅनोकणांत रूपांतर करून घेतले. असे काम करणारी माणसे दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत आहेत. त्यांना पत्र लिहायला संकोच करू नये.

जिवंत पेशींची गोष्ट मात्र वेगळ्या स्वभावाची आहे. तिथले हायड्रॉक्सिल मूलक जेमतेम काही नॅनोसेकंद जगते आणि जिथे जन्मते तिथेच काहीतरी जाळून संपते. ते थेट दिसत नाही. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापळ्याची पद्धत आली. डीएमपीओसारखा रेणू पेशींच्या द्रावणात मिसळायचा, तो मूलकाला पकडतो आणि त्याचे टिकाऊ मूलक बनते, त्याचा वर्णपट काढायचा. हायड्रॉक्सिल पकडले गेले की एकास दोनास दोनास एक अशा उंचीच्या चार रेषा दिसतात. पाठ्यपुस्तकातले हे चित्र इतके देखणे आहे की चार रेषा दिसताच हायड्रॉक्सिल सिद्ध झाले असे वाटते. पण सुपरऑक्साइड पकडून झालेले संयुग मिनिटाभरात मोडू लागते आणि त्यातून त्याच चार रेषा मिळू शकतात. द्रावणात फेरिक लोह असेल तर कोणतेही हायड्रॉक्सिल नसताना पाणीच डीएमपीओला चिकटून त्याच चार रेषा देऊ शकते. डीएमपीओ अशुद्ध असला तरी रेषा येतात, म्हणून तो सक्रिय कोळशातून गाळून घ्यावा लागतो. उलट बाजूने, पेशी हे संयुग क्षपण करून गप्प करतात, आणि मग मूलके असूनही कागद कोरा राहतो. मेलॅनिन असलेल्या पेशीत तर भरीला भर म्हणून मेलॅनिनची स्वतःची जाडजूड रेषा चित्राच्या मध्यभागी येऊन बसते.

या सगळ्यातून वाट काढण्याचा उपाय एकच, जे सिद्ध करायचे ते खोटे ठरवू शकणारे नमुने आधीच मांडून ठेवणे. फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून हायड्रॉक्सिल मुद्दाम तयार करून पहिला वर्णपट काढावा, म्हणजे यंत्र आणि सापळा चालतात हे कळते. दुसरा पेशींशिवाय फक्त सापळ्याचा. तिसरा सुपरऑक्साइड डिसम्युटेज घालून. या विकराचे काम जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडले आणि ते सुपरऑक्साइड विलक्षण वेगाने मोडते. संकेत त्याने गेला तर मुळाशी सुपरऑक्साइड होते. मात्र हा विकर पेशीच्या आत सहज शिरत नाही, त्यामुळे तो बाहेरच्याच मूलकांबद्दल बोलतो. चौथा कॅटलेज घालून आणि पाचवा इथेनॉल किंवा डीएमएसओ घालून. खरे हायड्रॉक्सिल असेल तर ते आधी त्यांना गाठते आणि चार रेषांच्या जागी कार्बन मूलकाच्या सहा रेषा दिसू लागतात. या बदलाइतका विश्वासार्ह पुरावा साध्या प्रयोगशाळेत दुसरा मिळणार नाही. पेशींसाठी पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या भांडारातून मेलॅनिन बनवणाऱ्या उंदराच्या मेलॅनोमा पेशी संशोधन संस्थांना मिळू शकतात. पेशींचा प्रयोग टपालाने होत नाही. सापळा घालणे आणि वर्णपट काढणे यांत काही मिनिटांचेच अंतर चालते, तेव्हा यंत्राजवळ बसून काम करण्याची परवानगी आधी मिळवावी. कृत्रिम रेतन केंद्रांमुळे द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे अनोळखी नाही, आणि गोठवून नेण्याचा विचार लगेच सुचतो. तो मेलॅनिनसाठी ठीक आहे. डीएमपीओच्या संयुगाच्या बारीक रेषा मात्र गोठलेल्या स्थितीत एकमेकींत मिसळून जातात, आणि कोणते मूलक पकडले हे ओळखण्याचा सगळा आधारच नाहीसा होतो.

यावर एक आक्षेप येईल की फ्लुरोसन्सचे रंग स्वस्त आहेत, त्यांपैकी डीसीएफ हा रंग घातला की पेशी हिरव्या चमकतात, मग एवढा खटाटोप कशाला? डीसीएफ विशिष्ट मूलकाला ओळखत नाही. पेरॉक्सिडेज विकर, सायटोक्रोम सी, सुटे लोह, यांपैकी कोणीही त्याला चमकवू शकते, आणि चमकण्याच्या ओघात तो स्वतःच सुपरऑक्साइड निर्माण करतो. २०२२ मध्ये मायकेल मर्फी आणि या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून मापनाची जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत याबद्दल स्पष्ट इशारा आहे. मेलॅनिनच्या नमुन्यात रंगांवर आधारलेल्या चाचण्यांना आणखी एक अडचण आहे. मेलॅनिन अतिनील ते दृश्य सगळाच प्रकाश शोषते, ५१७ नॅनोमीटरचाही, त्यामुळे डीपीपीएचचे वाचन मूलतःच गढूळ होते. ईएसआरला नमुन्याच्या काळेपणाने काही फरक पडत नाही. डीपीपीएचच विझवून पाहायचे असेल, तर तेही ईएसआरवर जास्त नेमके पाहता येते.

दुसरा आक्षेप असा की मेलॅनिन कातडीचे रक्षण करते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यात नवे काय शोधायचे? अर्धेच ठाऊक आहे. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संजय प्रेमी, डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अतिनील किरण थांबल्यानंतरही मेलॅनिन असलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये इजा तीन तासांहून अधिक काळ होत राहते. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून मेलॅनिनच्या तुकड्यांना उत्तेजित करतात आणि ती ऊर्जा अंधारातही डीएनएकडे जाते. एकच पदार्थ ढाल आणि स्रोत दोन्ही असू शकतो, आणि कोणत्या परिस्थितीत कोणते रूप वरचढ ठरते हा प्रश्न अजून खुला आहे. भर दुपारी ज्वारीच्या रानात काम करणाऱ्या माणसांच्या भागात हा प्रश्न परका नाही. मात्र लोकरीवरच्या किंवा उंदराच्या पेशींवरच्या निष्कर्षावरून शेतकऱ्याच्या कातडीबद्दल सल्ला देण्याची उडी मारू नये. तेवढा आधार त्यात नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो कळकळीने घेतला जातो. दुष्काळी तालुक्यातल्या संस्थेने आपले थोडे पैसे पाण्यावर, पोषणावर खर्च करावेत की पवईच्या यंत्रावर? याच जामखेडमध्ये १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अक्षरओळख नसलेल्या गावच्या बायकांकडे आरोग्याचे असे काम सोपवले जे तोवर फक्त डॉक्टरांचे समजले जात होते. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेमके निरीक्षण ही मोठ्या इमारतीची मक्तेदारी नाही, हे इथे एकदा प्रत्यक्ष दिसलेले आहे. खर्चाचे म्हणाल तर मी वर सांगितलेल्या कामाचा मोठा भाग, मेंढी निवडणे, लोकर धुणे, नोंदी ठेवणे, मेलॅनिन बनवणे, हा महाविद्यालयाच्या आहे त्या प्रयोगशाळेत होतो. यंत्राचा वेळ विकत घ्यावा लागतो तो मोजक्या नमुन्यांसाठी, आणि तयारी पक्की असेल तर नमुने कमी लागतात. वाया जातो तो पैसा घाईने पाठवलेल्या, न धुतलेल्या, जोडीदार नसलेल्या नमुन्यांवरचा.

प्रकल्प लिहिताना वर्णपटाच्या चित्राखाली सूक्ष्मलहरींची वारंवारता आणि शक्ती, मॉड्युलेशन, तापमान, नमुन्याचे वजन आणि किती वेळा फिरवून सरासरी घेतली हे सगळे छापावे. रिकाम्या नळीचा, पांढऱ्या लोकरीचा आणि सापळ्याचा वर्णपट परिशिष्टात न ढकलता मुख्य आकृतीतच, त्याच मोजपट्टीवर ठेवावा. न जुळलेली वाचने काढून टाकू नयेत, ती कोणत्या मेंढीची आणि कोणत्या दिवसाची आहेत हे लिहावे. पहिली मालिका हाती आली की दुसऱ्या कळपातली चितकबरी मेंढी शोधावी, शक्यतो खर्ड्याच्या किंवा नान्नजच्या बाजूची, आणि नमुन्यांवर फक्त क्रमांक टाकून पाठवावेत, म्हणजे काळा कोणता आणि पांढरा कोणता हे रेषा मोजणाऱ्याला आधी कळणार नाही.